सी लायब्ररीसाठी रीएन्ट्रंट रँड लिहिताना पडलेले प्रश्न

अर्धविराम :

नमस्कार मंडळी. छोट्या ३२-बिट बोर्डांसाठी स्वतःची सी लायब्ररी लिहिण्याचं काम फावल्या वेळात चालू आहे. स्ट्रिंगची फंक्शनं, प्रिंटएफ, मॅलॉक एवढं मार्गी लागलं. रँड, म्हणजे यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन, मात्र तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं, म्हणून हा धागा.

पहिल्यांदा १९८९ च्या सी प्रमाणात दिलेलं उदाहरणच उचललं. बहुतेकांच्या नजरेखालून ते गेलं असेल :

पुढचा = पुढचा * ११०३५१५२४५ + १२३४५
उत्तर = (पुढचा / ६५५३६) % ३२७६८

'पुढचा' हा स्टॅटिक, सुरुवातीला १. पहिले तीन आकडे येतात १६८३८, ५७५८, १०११३. एका थ्रेडपुरतं (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या वाटांपैकी एकीपुरतं) हे चोख चालतं. थ्रेड आले तेव्हा या दोन ओळींभोवती म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) घातला आणि विषय मिटला असं धरून पुढे गेलो.

मग एक प्रोग्राम गोठायला लागला. रोज नाही, कधीतरीच. शेवटी डीबगर लावून वाट बघत बसलो. गोठला तेव्हा कॉल स्टॅक असा होता : सगळ्यात खाली मुख्य लूप, त्यावर रँड, त्यावर टायमरचा सिग्नल हँडलर (चालू काम मध्येच थांबवून धावणारं फंक्शन), त्यावर पुन्हा रँड आणि सगळ्यात वर लॉकची वाट बघणारं फंक्शन. हँडलरमध्ये पुन्हा प्रयत्न करण्याआधी थोडा कमीजास्त विलंब हवा होता, त्यासाठी मी रँड वापरलं होतं. खालच्या रँडने लॉक धरलेलं, वरचं रँड तेच लॉक मागतंय. दुसरा थ्रेड कुठेच नाही. एकाच थ्रेडने स्वतःची वाट अडवली होती.

आता लॉक काढून टाकलं आहे आणि स्टेट (म्हणजे तो 'पुढचा') थ्रेड-लोकल, प्रत्येक थ्रेडला वेगळी केली आहे. गोठणं थांबलं. पण याला रीएन्ट्रंट म्हणता येईल का? आणि रँड_आर (बोलावणाऱ्याकडून स्टेटचा पॉइंटर घेणारं रँड) द्यायचं तर त्यात नेमकं काय ठेवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. माझी घाई नाही, पण या वेळी पुसावं लागू नये अशी फार इच्छा आहे.

तळटीप :

थ्रेड-लोकल केल्याने थ्रेडसुरक्षित झालं, रीएन्ट्रंट नाही झालं. हे दोन शब्द आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो आणि तुमचा बग त्या फटीत बसलेला होता.

थ्रेडसुरक्षित म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी आले तरी बिघडत नाही. रीएन्ट्रंट म्हणजे फंक्शन अर्ध्यात असताना त्याच थ्रेडने पुन्हा त्यात शिरलं तरी बिघडत नाही. लॉक पहिल्याची हमी देतं आणि दुसऱ्याच्या मुळावर येतं. थ्रेड-लोकल स्टेटमध्ये काय होतं ते एकेक पाऊल बघा : मुख्य लूपने 'पुढचा' वाचला, गुणाकार केला, परत लिहिणार तेवढ्यात सिग्नल आला. हँडलरने तोच जुना 'पुढचा' वाचला, तोच गुणाकार केला, लिहिला आणि आकडा घेऊन गेला. मग मुख्य लूपनेही तेच मूल्य लिहिलं. दोघांना एकच आकडा मिळाला. क्रॅश नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

इथे स्टेट एकाच शब्दाची (मेमरीतल्या एका घराची) आहे म्हणून निभावतं. जीलिबसी या लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीमध्ये रँड आतून रँडम या फंक्शनलाच बोलावतं आणि त्याची नेहमीची स्टेट म्हणजे ३१ शब्दांचा तक्ता. नवा शब्द = ३ मागचा + ३१ मागचा, आणि निकाल एक बिट उजवीकडे सरकवून द्यायचा. तक्त्यावर दोन पॉइंटर फिरतात आणि त्यांच्यातलं अंतर हाच त्या पद्धतीचा प्राण. आता विचार करा, पहिला पॉइंटर लिहून झालाय, दुसरा लिहायचाय आणि मध्ये हँडलर घुसून एक आकडा काढून गेला. परत आल्यावर पहिला पॉइंटर दोन घरं पुढे गेलेला असतो आणि दुसरा एकच. अंतर बदललं ते कायमचं. आकडे येत राहतात, फक्त ज्या सूत्राची चाचणी झालेली असते ते सूत्र आता तिथे नसतं.

जीलिबसीमध्ये रँडमभोवती लॉक आहे, म्हणजे तिथे हँडलरमधून बोलावलं तर तुमच्यासारखंच गोठण्याची शक्यता. आणि मुळात पॉझिक्सने (युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाने) हँडलरमधून बोलावायला सुरक्षित अशा फंक्शनांची यादी दिली आहे, तिच्यात रँड नाही.

नवशिका_सी :

माझा साधा प्रश्न. एकाच थ्रेडला तेच लॉक पुन्हा घेता येईल असं रिकर्सिव्ह म्युटेक्स लावलं तर? मग गोठणार नाही ना?

तळटीप :

गोठणार नाही, पण मी वर सांगितलेला दुसरा प्रकार होईल. साधं लॉक हँडलरला दारातच थांबवतं. रिकर्सिव्ह लॉक त्याला आत सोडतं, आणि आत स्टेट अर्धी लिहिलेली. मला विचाराल तर गोठणं परवडलं, निदान कळतं तरी. अर्धवट स्टेटवर निघालेले आकडे कुठल्या निकालात मुरले हे नंतर शोधता येत नाही.

रिकामा_पॉइंटर :

अर्धविराम, रँड_आरबद्दल लिहितो, कारण त्यात मी बराच काळ घालवला आहे.

विचार चांगला होता : स्टेट लायब्ररीने ठेवायचीच नाही, बोलावणाऱ्याने पॉइंटर द्यायचा. हँडलरची स्टेट वेगळी, प्रत्येक थ्रेडची वेगळी, मग लॉक कशाला हवं? अगदी बरोबर. घोटाळा पॉइंटरच्या प्रकारात आहे. तो आहे अनसाइन्ड इंटचा. म्हणजे बहुतेक यंत्रांवर ३२ बिट आणि एक बिटही जास्त नाही. फंक्शनची सही पक्की झाली, स्टेट वाढवायची वाटच बंद झाली.

त्या ३२ बिटांत प्रत्येकाने आपापल्या परीने जीव ओतला आहे. जीलिबसी एका बोलावण्यात ते ११०३५१५२४५चं सूत्र तीनदा चालवतं आणि ११, १०, १० असे बिट जोडून ३१ बिटांचा आकडा देतं. मसल ही दुसरी सी लायब्ररी एकदाच चालवते, पण निकालावर मर्सेन ट्विस्टर या यादृच्छिक आकड्यांच्या पद्धतीतली बिट घुसळण्याची शेवटची पायरी करते. न्यूलिब या तिसऱ्या लायब्ररीने ते सूत्रच सोडलं आहे. तिथे गुणक १६८०७ आणि भाजक २१४७४८३६४७ आहे, गुणाकार ३२ बिटांबाहेर जाऊ नये म्हणून आधी १२७७७३ ने भागून घेतात.

पण कितीही घुसळलं तरी ३२ बिटांत ४२९४९६७२९६ पेक्षा जास्त अवस्था बसत नाहीत. सेकंदाला १० कोटी आकडे काढणारा प्रोग्राम ४३ सेकंदांत पुन्हा पहिल्या आकड्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे ११०३५१५२४५च्या सूत्रात या सगळ्या अवस्था एकाच वर्तुळावर असतात. वेगळा सीड (सुरुवातीला दिलेला आकडा) म्हणजे त्याच वर्तुळावर वेगळ्या जागी उभं राहणं. १६ थ्रेडांनी प्रत्येकी ३० कोटी आकडे घेतले की बेरीज वर्तुळापेक्षा मोठी होते, म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी पावलांवर चालणारच. सीड कितीही हुशारीने निवडा.

पॉझिक्सने २००८ च्या आवृत्तीत रँड_आरला कालबाह्य म्हटलं आणि २०२४ च्या आवृत्तीत काढूनच टाकलं. नव्या लायब्ररीत ते मुख्य दार म्हणून ठेवू नका.

अर्धविराम :

फार मोलाचं लिहिलंत. पण जुने प्रोग्राम रँड_आर मागतात, लिंक करताना नाव सापडलं नाही तर ते चालणारच नाहीत. म्हणून नाव ठेवावं लागेल असं वाटतं.

दरम्यान जीलिबसीचं रँडम_आर, म्हणजे स्टेट बाहेरून घेणारं रँडम, चालवून बघितलं. तिथे स्टेट ८ ते २५६ बाइटांची देता येते, म्हणजे वरची अडचण नाही. पण पहिल्याच प्रयत्नात ती स्टेट तयार करणाऱ्या इनिटस्टेट_आर मध्येच प्रोग्राम पडला. कारण असं की ते आधी त्या स्ट्रक्चरमधला जुना स्टेट पॉइंटर बघतं आणि तो शून्य नसेल तर खरा मानून तिथे लिहायला जातं. माझं स्ट्रक्चर लोकल व्हेरिएबल होतं, त्यात कचरा होता. स्ट्रक्चर आधी शून्याने भरायचं असतं. ज्या फंक्शनचं कामच स्टेट तयार करणं आहे त्याने आधीच्या मजकुरावर विसंबून राहावं हे मला पटत नाही. माझ्याकडे सुरुवात करणारं फंक्शन आत काय आहे ते न वाचता सगळं लिहून टाकेल, एवढं आजच ठरवलं.

तिसरा_बिट :

स्टेट कुणाची यावर सगळे बोलले, सीडवर कुणीच बोललं नाही. माझ्या मते निम्मं दुखणं तिथे आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइममध्ये रँडची स्टेट थ्रेडगणिक वेगळी असते, तुम्ही आत्ता केलंत तसंच. सूत्र : २१४०१३ ने गुणा, २५३१०११ मिळवा, १६ बिट सरकवा, खालचे १५ बिट घ्या. मेनमध्ये एसरँड (सीड देणारं फंक्शन) केलं तर ते फक्त मुख्य थ्रेडला लागू. नवा थ्रेड सीड १ नेच सुरू होतो. आठ थ्रेड काढा, आठही जण ४१, १८४६७, ६३३४ म्हणत निघतात. लॉक नाही, रेस नाही, क्रॅश नाही आणि आठपट कामातून एकपट माहिती. तुमच्या थ्रेड-लोकल आवृत्तीतही हेच होतंय, आत्ता तपासून बघा.

मग लोक काय करतात, थ्रेडच्या क्रमांकाचाच सीड देतात. १, २, ३, ४, ५. वरच्या सूत्रात हे सीड घालून पहिला आकडा काढा, कागदावरही निघतो :

सीड १ : ४१
सीड २ : ४५
सीड ३ : ४८
सीड ४ : ५१
सीड ५ : ५४

याला यादृच्छिक कोण म्हणेल? २१४०१३ भागिले ६५५३६ म्हणजे सुमारे ३.२७, म्हणून सीड एकने वाढला की पहिला आकडा ३ किंवा ४ ने वाढतो. सेकंदांचं घड्याळ सीड म्हणून देणाऱ्यांचंही हेच होतं. सीड स्टेटमध्ये जसाच्या तसा ओतायचा नाही, आधी घुसळून घ्यायचा. जीलिबसीचं एसरँडम सीडपासून १६८०७ च्या सूत्राने ३१ शब्द भरतं आणि वर ३१० आकडे काढून फेकून देतं. ते ३१० आकडे वाया जात नाहीत, सुरुवातीच्या शब्दांमधलं नातं पुसण्यासाठीच ते काढलेले असतात.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : सुरुवात करणाऱ्या फंक्शनने सीड आणि प्रवाह क्रमांक असे दोन आकडे घ्यावेत. सीड प्रयोगाचा, प्रवाह थ्रेडचा.

नवशिका_सी :

ईरँड४८ पण बोलावणाऱ्याकडूनच स्टेट घेतं ना? ४८ बिट आहेत, ३२ पेक्षा बरे.

तळटीप :

बिट बरे आहेत, पण त्यात एक चोरवाट आहे. तुम्ही देता ते तीन शॉर्ट म्हणजे फक्त क्ष, सूत्रातला चालू आकडा. गुणक २५२१४९०३९१७ आणि मिळवायचा ११ हे दोन आकडे मात्र लायब्ररीच्या ग्लोबल जागेत राहतात, आणि एलकाँग४८ बोलावून कुणीही ते बदलू शकतं. एका थ्रेडने बदलले की तुमच्या ईरँड४८चा क्रमही बदलतो, तुमच्या स्टेटला कुणी हात न लावता. म्हणून रीएन्ट्रंट म्हणवणाऱ्या फंक्शनला एकच प्रश्न विचारायचा : पुढचा आकडा ठरवणारी प्रत्येक गोष्ट पॉइंटरमागे आहे का? एक जरी बाहेर राहिली तरी उत्तर नाही.

नवशिका_सी :

अजून एक. जुनं साधं रँड, ज्याला पॉइंटर देताच येत नाही, त्याचं काय करायचं? ते अटॉमिकने (मध्येच तुटू न शकणाऱ्या क्रियेने) सुरक्षित करता येईल का?

रिकामा_पॉइंटर :

हा प्रश्न फार आवडला. येतं, पण सूत्र बदलावं लागतं.

गुणाकाराच्या सूत्रात वाचणं, गुणणं, लिहिणं अशी पायरी असते, ती अटॉमिक करायची तर मूल्य बदललं का ते तपासत लूप फिरवावा लागतो. स्प्लिटमिक्स६४ या दुसऱ्या पद्धतीची रचना वेगळी आहे. स्टेटमध्ये दर वेळी फक्त एक ठरलेला विषम आकडा मिळवायचा, ११४००७१४८१९३२३१९८४८५, आणि जी बेरीज येईल तिची लोकल व्हेरिएबलमध्ये घुसळण करून निकाल द्यायचा. स्टेटला लागणारी क्रिया एकच, बेरीज. अटॉमिक बेरीज हार्डवेअरमध्ये असेल तर सिग्नल बेरजेच्या आधी येतो किंवा नंतर, मध्ये यायला जागाच नाही. घुसळण चालू असताना आला तरी ती स्वतःच्या रजिस्टरांत चालली आहे. लॉक नाही, हँडलरमधूनही दोघांना वेगवेगळी बेरीज मिळते. मी पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा खूप वेळ नुसतं बघत बसलो होतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. सगळे थ्रेड एकाच जागेवर बेरीज करणार, म्हणजे ती कॅश लाइन (कॅशमधला मेमरीचा तुकडा) कोरांमध्ये सारखी इकडून तिकडे जाणार, वेग पडेल. आणि कुठल्या थ्रेडला कुठला आकडा गेला हे प्रत्येक वेळी बदलेल, त्यामुळे बहुथ्रेडी प्रोग्रामचा निकाल पुन्हा तसाच्या तसा काढता येणार नाही. एका थ्रेडच्या प्रोग्रामला मात्र त्याच सीडवर तोच क्रम मिळत राहील.

तळटीप :

आणि तिसरी, जी या धाग्यापुरती सगळ्यात महत्त्वाची. अर्धविराम यांचे बोर्ड ३२-बिट आहेत. बऱ्याच ३२-बिट प्रोसेसरांवर ६४ बिटांची अटॉमिक बेरीज हार्डवेअरमध्ये नसते. तिथे कंपायलर ती गुपचूप लायब्ररीतल्या लॉकने करतो, म्हणजे फिरून पहिल्या ठिकाणी. लॉक-फ्री (लॉकशिवाय होणारी) आहे का ते बांधणीच्या वेळीच तपासा, नसेल तर ३२ बिटांचा साधा काउंटर घ्या आणि निकाल घुसळा. साध्या रँडकडून कुणी फार अपेक्षा करत नाही, कमाल मूल्य निदान ३२७६७ असलं की प्रमाणाचं समाधान होतं.

त्या कमाल मूल्याबद्दल एक : ते आज काय ठेवाल ते विचार करून ठेवा. रँड_मॅक्स हा मॅक्रो आहे, लोकांच्या कंपाइल झालेल्या फाइलींत आकडा म्हणून जाऊन बसतो. नंतर ३२७६७ चं २१४७४८३६४७ केलंत तर जुन्या ऑब्जेक्ट फाइली ० ते १ च्या जागी सुमारे ६५५३६ पर्यंतचे आकडे काढतील.

अर्धविराम :

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस यावर बसलो. आता असं झालं आहे.

मुख्य दार नवं आहे : १६ बाइटांचं स्ट्रक्चर, ६४ बिटांची स्टेट आणि ६४ बिटांची पायरी (दर वेळी मिळवायचा आकडा). आत २०१४ सालची पीसीजी ही यादृच्छिक आकड्यांची पद्धत, ३२ बिटांचा निकाल देणारी. गुणक ६३६४१३६२२३८४६७९३००५. पायरी वेगळी असली की प्रवाह वेगळा, म्हणजे तिसरा_बिट यांचा दोन आकड्यांचा आग्रह तसाच उतरला. सीड आणि प्रवाह दोन्ही आधी स्प्लिटमिक्सच्या घुसळणीतून काढतो. हँडलरला स्वतःचं स्ट्रक्चर, हे दस्तऐवजात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे.

साधं रँड : ३२ बिटांचा अटॉमिक काउंटर आणि घुसळण. अटॉमिक लॉक-फ्री नसेल तर बांधणीच थांबते. रँड_मॅक्स पहिल्या दिवसापासून २१४७४८३६४७. रँड_आर फक्त जुन्या प्रोग्रामांसाठी, मसलच्या धर्तीवर, आणि शेजारी स्पष्ट इशारा. गुपितं, किल्ल्या, टोकन यांसाठी यातलं काहीही वापरू नये हेही लिहिलं आहे. त्यासाठी बोर्डावरचा हार्डवेअर स्रोत वाचणारं फंक्शन वेगळं असेल.

चाचणीत तोच टायमर हँडलर ठेवला आहे ज्याने मला छळलं. मुख्य लूप आणि हँडलर दोघेही रँड बोलावतात, प्रत्येक जण मिळालेला काउंटर नोंदवतो आणि शेवटी एकही काउंटर दोनदा आलेला नाही हे तपासतो. जुन्या थ्रेड-लोकल आवृत्तीवर हीच चाचणी चालवली तर जोड्या सापडतात. तळटीप, तुम्ही पाऊल पाऊल सांगितलं होतं ते डोळ्यांनी बघितलं.

रिकामा_पॉइंटर :

कोड वाचला. दोन जागा बघा.

एक, पायरी विषमच हवी. सुरुवात करणाऱ्या फंक्शनमध्ये तुम्ही विषम करून घेताय, ते ठीक. पण कुणी सुरुवात न करता स्ट्रक्चर नुसतं शून्याने भरलं तर स्टेट शून्य, पायरी शून्य आणि प्रत्येक निकाल शून्य. वापराच्या ओळीतच पायरीचा शेवटचा बिट १ करून घ्या, खर्च एका सूचनेचा.

दोन, निकालाचे बिट फिरवताना तुम्ही ३२ वजा फेरा (किती घरं फिरवायचं तो आकडा) एवढं डावीकडे सरकवलंय. फेरा शून्य असला की ३२ बिटांचा आकडा ३२ ने सरकतो आणि सीमध्ये त्याला अर्थच नाही. ऋण फेऱ्याचे खालचे पाच बिट घ्या.

अर्धविराम :

दोन्ही दुरुस्त केलं. शून्याने भरलेल्या स्ट्रक्चरची चाचणीही घातली आहे. दुसरी चूक माझ्या बोर्डावर कधीच दिसली नसती, तिथे ३२ ने सरकवलं की शून्य येतं. दुसऱ्या कंपायलरवर बांधून बघतो आणि इथेच कळवतो.